आनलूचा कारकून

मंडळी, छिन शी हुआंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मातीचे सैनिक उभे राहतात. 1974 साली शीआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले. त्या सम्राटाबद्दल मी आज थोडंच बोलणार आहे. इ.स.पू. 221 मध्ये त्याने सहा राज्यं जिंकून चीन एक केला. वजनं, मापं, लिपी, गाड्यांच्या चाकांमधलं अंतर, सगळं एकसारखं केलं. पण हे हुकूम खेड्यापर्यंत पोचवले कोणी? माझा जीव त्या माणसात अडकलाय.

सैनिक सापडले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, हूपेई प्रांतात शुइहुदी इथे एक साधी कबर उघडली. आत एका माणसाचा सांगाडा, आणि त्याच्या डोक्याशी, कुशीला, पोटावर, पायाशी बांबूच्या पट्ट्या. अकराशेहून जास्त! वीतभर लांब, बोटापेक्षाही अरुंद, आणि त्यांवर काळ्या शाईत उभी अक्षरं. माणसाचं नाव शी. हुद्दा आनलू नावाच्या तालुक्यात कारकुनाचा.

तेव्हा कागद नव्हता. त्साय लुनने राजदरबारात कागद सादर केला तो इ.स. 105 मध्ये, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी. तोवर बांबू चिरायचा, दोऱ्याने पट्ट्या बांधायच्या आणि चटईसारखी गुंडाळी करायची. चूक झाली तर चाकूने अक्षर खरवडायचं. म्हणून कारकुनाच्या हाताशी कुंचल्याबरोबर चाकू असायचाच. सम्राट रोज कागदपत्रं तराजूत तोलून घ्यायचा आणि तेवढं वजन वाचून झाल्याशिवाय उठायचा नाही, असं जुने इतिहासकार सांगतात. लिखाण बांबूवरचं आहे हे ध्यानात घेतलं की ते तोलणं किती साहजिक होतं ते कळतं.

आता शीच्या पट्ट्यांवर काय आहे ते पाहा. सरकारी कोठारात उंदरांची तीन किंवा जास्त बिळं सापडली, तर अधिकाऱ्याला एका ढालीच्या किमतीएवढा दंड. दोन किंवा कमी असतील तर नुसती ताकीद. आणि लहान उंदराची तीन बिळं म्हणजे मोठ्या उंदराचं एक बीळ! हे लिहिणाऱ्याने कोठारात वाकून, हाताने चाचपून बिळं मोजली असणार, असं मला दर वेळी वाटतं.

नांगराच्या बैलांची वर्षातून चार वेळा पाहणी व्हायची. जिथले बैल उत्तम, तिथल्या शेती-अधिकाऱ्याला मद्याचा घडा आणि सुकं मांस. ज्याचा बैल कामाने खंगला, त्याला बैलाच्या पोटाचा घेर जितके इंच घटला, त्यातल्या दर इंचाला दहा फटके. पाऊस पडला की किती शेतांना झाला हे लेखी कळवायचं. वसंताच्या दुसऱ्या महिन्यात जंगलात लाकूडतोड बंद. आणि सरकारी लोखंडी अवजार जुनं होऊन मोडलं, तर वापरणाऱ्याकडून भरपाई घ्यायची नाही. छिन राजवट क्रूर होती, यात वाद नाही. पण ही शेवटची ओळ वाचताना मी दर वेळी थबकतो, कारण कुदळ कशी झिजते हे माहीत असलेल्या माणसानेच ती लिहिली असणार.

शीने एक बखरही ठेवली होती. त्यात लढाया आहेत, आणि त्यांच्याच रांगेत आईवडिलांचे मृत्यू, मुलांचे जन्म. सम्राट इ.स.पू. 219 मध्ये दौऱ्यावर तिकडून गेला, त्याची नोंद एवढीच: ‘आनलूहून गेले.’

त्याच टेकाडावरच्या दुसऱ्या कबरीत दोन लाकडी पट्ट्या निघाल्या, शाई उगाळायच्या दगडाशेजारी. आघाडीवरच्या दोघा भावांनी, हेइफू आणि जिंग यांनी, आनलूला घरी धाडलेली पत्रं. आईची खुशाली विचारून हेइफू लिहितो, की तिकडे कापड स्वस्त असेल तर आईने उन्हाळ्याचे कपडे शिवून पैशांसोबत पाठवावेत. महाग असेल तर नुसते पैसे धाडा, मी इथेच घेईन. जिंग पाच-सहाशे नाणी मागतो. त्याने दुसऱ्याकडून उसने घेतलेत, घरून आले नाहीत तर मेलोच म्हणतो, आणि शेवटी एकच अक्षर तीनदा लिहितो: तातडी, तातडी, तातडी.