दगडावरचे चंद्रसूर्य

विदर्भात एखाद्या गावाच्या शिवेवर किंवा मारुतीच्या पाराशेजारी शेंदूर फासलेला वीरगळ उभा असतो. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रकोर व सूर्यबिंब, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. आकाशात हे दोघे आहेत तोवर या वीराची कीर्ती टिकेल, असा त्या चिन्हाचा अर्थ. सतीशिळेवर बांगड्या भरलेल्या हाताजवळही हीच जोडी कोरलेली आढळते, आणि तिथे ती पाहताना मन अवघडते.

चंद्रसूर्याची ही मुदत लेखी स्वरूपात पाहायची असेल, तर अमरावती जिल्ह्यातील अचलपूरजवळच्या चमक गावी सापडलेला ताम्रपट वाचावा. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने ५व्या शतकात, आपल्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षी, हे गाव १००० ब्राह्मणांना चंद्रसूर्य असेपर्यंत दान दिले. मात्र त्याच ताम्रपटात अटीही आहेत : दान घेणाऱ्यांनी राजद्रोह, चोरी किंवा व्यभिचार केला अथवा इतर गावांशी लढाई केली, तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. चंद्रसूर्यांनाही राजाने कलमे जोडली होती, असेच म्हणावे लागेल.

मेळघाटातील कोरकू समाज आपल्या मृतांसाठी ‘मुंडा’ नावाचा कोरीव लाकडी स्मृतिफलक उभारतो. त्यावरही घोडेस्वारासोबत चंद्रसूर्य असतात, पण हा मान मिळवण्यासाठी रणात पडावे लागत नाही.

नेपाळच्या ध्वजावरील चंद्रसूर्यही राष्ट्राच्या चिरस्थायित्वाचे चिन्ह मानले जातात. बॅबिलोनची गोष्ट वेगळी आहे. तेथील राजा मेलिशिपाक याने आपल्या मुलीला दिलेल्या जमिनीची नोंद असलेली, इ.स.पू. १२व्या शतकातील शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, आणि तिच्या माथ्यावर चंद्रकोर, सूर्यबिंब व तारा कोरलेले आहेत. एवढ्या साम्यावरून कोणी कोणाकडून काय उचलले हे ठरवणे घाईचे होईल, कारण तिथे ही चिन्हे सिन, शमाश आणि इश्तार या देवतांची आहेत. आपल्या शिळांवर चंद्रसूर्य मुख्यतः काळ मोजतात; बॅबिलोनच्या शिळेवर त्या देवता व्यवहाराला जामीन राहतात.