डावीकडचं लाल दार

मंडळी, सुरुवात माझ्या फजितीपासून करते. ऑडिओ गाइडच्या संहिता लिहायला लागले त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका खेड्याच्या फेरीसाठी मी लिहिलं होतं, "डावीकडच्या लाल दारापाशी वळा." ध्वनिमुद्रण झालं, लोक फिरायला लागले. आणि वर्षभरात घरमालकाने दार हिरवं रंगवलं. दार त्याचं, रंग त्याचा, त्याला बोल लावायचा तरी कसा? कानात यंत्र लावलेली माणसं त्या गल्लीत घिरट्या घालायची आणि तो बिचारा खिडकीतून विचारायचा, "काय शोधताय?"

शिवाय "डावीकडचं" म्हणजे कुणाच्या डावीकडचं? माणूस मध्येच मागे वळून उतार बघत उभा असेल तर त्याचं डावं ते माझं उजवं. तेव्हापासून मी आधी माणसाला उभं करते, मग बोलते. "ओढा तुमच्या पाठीशी आणि चर्चचा मनोरा समोर येईल असे उभे राहा." ओढा, चढ, मनोरा यांना सहसा कुणी रंग देत नाही.

संग्रहालयात ही अडचण नसते. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात ऑडिओ गाइडची सोय पहिल्यांदा झाली असं मानतात. तेव्हा निवेदनाची फीत एका जागी वाजायची आणि रेडिओवरून सगळ्यांच्या कानात एकाच वेळी पोचायची. निवेदक पुढच्या वस्तूकडे गेला की अख्खा घोळका पुढे सरकणार. तुम्हाला मागे रेंगाळायचं असेल तर रेंगाळा, पण मग कान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे. आता गमतीचं वाटतं, पण एक गोष्ट लक्षात घ्या: तिथं वस्तू जागच्या जागी होत्या, काचेत होत्या, त्यांच्यावर उजेड सोडलेला होता. खेड्यात ट्रॅक्टर येतो, पाऊस येतो. ज्या ऐतिहासिक घराकडे तुम्ही टक लावून बघता आहात त्यात एखाद्याचं बाळ झोपलेलं असतं.

म्हणून दालनातली संहिता उचलून गावात ठेवली की ती फसते. सर्वांत आधी फसतो तो वेळ. निवांत बोललं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. सपाटीवर माणूस तासाला चार-साडेचार किलोमीटर चालतो, म्हणजे दोनशे मीटरला पावणेतीन-तीन मिनिटं. मी चारशे शब्द लिहून बसले तर चालणारा मुक्कामी पोचेल आणि माझं अजून संपलेलं नसेल. चढ असला तर उलटं: मी गप्प झालेली आणि तो धापा टाकत विचार करतोय की यंत्र बिघडलं की काय. म्हणून संहिता टेबलावर नाही, रस्त्यावर मोठ्यांदा वाचावी लागते. लोक बघतात. बघू देत.

जीपीएसचं थोडक्यात सांगते, कारण प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारणारच. मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो, पण अरुंद गल्लीत तेवढ्यात समोरासमोरची दोन्ही घरं बसतात. तुम्ही याच्याकडे बघता आणि गोष्ट त्याची सुरू होते. मला तरी दगडावर कोरलेला आकडा आणि फोनवर दाबायचा आकडा हेच बरं वाटतं. आणि निघण्याआधी सगळं फोनवर उतरवून घ्या, खेड्यात रेंजचा भरवसा धरू नका. एक कान मोकळा ठेवा. ट्रॅक्टर मी सांगितलाच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, आणि त्यासाठी एक खरं गाव घेऊ. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात एक खेडं आहे. स्पेलिंग वाचून कुणीही "एयाम" म्हणेल. गावकरी म्हणतात "ईम". बघा, छापील पुस्तिका इथेच अडखळते आणि आवाज पहिल्याच वाक्यात बाजी मारतो.

१६६५च्या उन्हाळ्याच्या अखेरीस या गावातल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड ओलसर होतं, ते जाळासमोर वाळायला टाकलं. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला असं सांगतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. पुढच्या जूनमध्ये रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा पदच्युत धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली, एरवी दोन टोकांची माणसं, एकत्र आली आणि गावाने स्वतःला कोंडून घ्यावं असं ठरलं. प्रार्थना चर्चऐवजी उघड्यावर, डेल्फ नावाच्या घळीत. जवळजवळ १४ महिन्यांत २६० माणसं गेली, असा आकडा देतात. मॉम्पेसनची बायको कॅथरीन ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे.

गावाबाहेर शेताच्या वाटेवर एक सीमेचा दगड आहे. त्याला भोकं पाडलेली आहेत. शेजारच्या गावचे लोक तिथं अन्न ठेवायचे आणि ईमचे लोक भोकात व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायचे, नाण्यांवरून रोग पसरू नये म्हणून. या जागी संहिता लिहायची झाली तर मी एवढंच म्हणेन, "बोट घालून बघा." किती आत जातं, कड कशी गुळगुळीत झालीय, हे माझ्या वर्णनापेक्षा त्याच्या बोटाला जास्त कळतं. मग दहा सेकंद काही नाही. वाऱ्याचा आवाजसुद्धा ध्वनिमुद्रित करून घालायचा नाही. तिथं खरा वारा आहे.

पण या गावाची गोष्ट आज जितक्या रेखीवपणे सांगितली जाते तितका रेखीव पुरावा त्या काळचा नाही. रेक्टरची मोजकी पत्रं आणि चर्चमधली दफनांची नोंद ही तेव्हाची साधनं. उरलेलं पुष्कळसं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कवींनी आणि स्थानिक इतिहासकारांनी भरलं. घळीत लांबून भेटणारी प्रेमिकांची जोडी, तो इकडच्या काठावर, ती तिकडच्या, ती याच भरणीतली. पुस्तकात अशा वेळी तळटीप टाकता येते. आवाजाला तळटीप नसते. कानात जे येतं ते सगळं एकाच खात्रीने येतं, आणि समोर दगडी घर उभं असलं की दगड साक्षीला आल्यासारखा वाटतो. ऑडिओ गाइडचा हा सर्वांत मोठा दोष आहे, असं माझं मत आहे. भरघोस आवाजाचा निवेदक घेतला की तो आणखी वाढतो.

आपल्या भाषेत यावर एक अक्सीर शब्द आहे: "म्हणे". "ती रोज घळीपाशी यायची म्हणे." आजी गोष्ट सांगताना तो इतक्या सहज टाकायची की खरं-खोटं वेगळं काढावं लागत नसे, ते वेगळंच यायचं. मराठी संहितेत मी तो मुद्दाम ठेवते आणि निवेदकाने तो गाळला तर पुन्हा मुद्रण करायला लावते. एकाने माझ्याशी वाद घातला होता, "बाई, यानं अधिकार कमी होतो." होऊ दे की.

दुसरा एक मार्ग अल्काट्राझने दाखवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातला तो तुरुंग १९६३ साली बंद झाला. तिथल्या फेरीत जुन्या पहारेकऱ्यांचे आणि कैद्यांचे स्वतःचे आवाज आहेत. तिथं "म्हणे"ची गरज उरत नाही. बोलणारा आपल्या कोठडीविषयी बोलतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा एका माणसाचा शब्द आहे. गावात अशी म्हातारी माणसं असतील तर माझ्याआधी त्यांना गाठा, आणि गिरणीविषयी विचारायला गेलात आणि ती बैलाविषयी बोलत राहिली तर बैल मुद्रित करा.

ईममध्ये साडेतीनशे वर्षांनंतर असं कुणाला गाठणार? तिथं दगडच आहेत. गावापासून थोडं दूर शेतात राइली नावाची जागा आहे, गोल कुंपणभिंतीच्या आत हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी. भिंत नंतरची आहे. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. प्रेतांच्या पायांना कापड बांधून तिने ती ओढत नेली म्हणे. ती स्वतः जगली.

इथल्या संहितेचे मी चार खर्डे केले, नुसता सराव म्हणून, कुणी मागितले नव्हते. पहिला साडेतीन मिनिटांचा होता. चौथ्यात फक्त सात नावं आहेत, दगडांवर आहेत तशी, आणि त्यांच्यामधला वेळ एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत पाय उचलायला लागतो तेवढा.