टोकियोतली सरस्वती आणि आंधळा वैद्य

नमस्कार मंडळी. जपानला जाऊन आलेला प्रत्येकजण क्योतोच्या त्या लाल कमानींतला फोटो दाखवतो, छानच आहे ते, पण मी आज सांगणारे टोकियोतल्या र्‍योगोकू भागातल्या एजिमा सुगियामा या छोट्याशा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळाबद्दल. इथली देवी बेन्तेन, म्हणजे आपली सरस्वतीच बरं का, चीनमार्गे तिथं पोचलेली, हातात वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य.

तर सुगियामा वाइची. लहानपणीच दृष्टी गेलेला हा मुलगा सुया टोचून उपचार करायची विद्या शिकायला एदोला, म्हणजे आताच्या टोकियोला आला, पण हात काही बसेना, गुरूंनी घरी पाठवून दिलं. बिचारा निघाला तो एनोशिमा बेटावर, बेन्तेनच्या गुहेत उपाशी बसून राहिला. असं सांगतात की परतताना दगडाला अडखळून पडला आणि पायाला काहीतरी टोचलं. चाचपून बघतो तर गुंडाळलेलं पान आणि त्याच्या आत पाइनचं सुईसारखं पान! तिथंच सुचलं त्याला, सुई नळीत घालायची, वरून टिचकी मारायची, सरळ आत जाते. नळी, सुई आणि टिचकी, एवढंच. आज जगभर तशीच नळी वापरतात.

पुढे त्याने शोगुन, म्हणजे जपानचा तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशीला बरं केलं. काय हवं विचारल्यावर म्हणाला, एक डोळा द्या. शोगुनने एदोच्याच होंजो भागातली हितोत्सुमे नावाची जागा दिली, नावाचा अर्थच एक डोळा! साल 1693, वाइची तेव्हा ऐंशीच्या पुढचे. तिथंच बेन्तेनची स्थापना झाली, तेच हे देऊळ.

आणि 1682 मध्ये त्यांनी सुईविद्येची शाळा काढलेली, अंध मुलं तिथं शिकून पोटापाण्याला लागायची, जगातली पहिली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॅरिसच्या अंधशाळेच्या शंभर वर्षं आधी, हो, शंभर वर्षं आधी! आवारात त्यांच्या गौरवाचा दगड आहे, त्यावर ब्रेलची टिंबं आहेत, बोट फिरवून वाचता येतात. माझं तर स्पष्ट मत आहे, आपल्याकडच्या देवळांनीही एलईडी बोर्ड नंतर लावावेत, ब्रेलची पाटी आधी.

देवळामागे छोटी गुहा आहे, एनोशिमाची आठवण म्हणून केलेली, आत दगडी मूर्ती, जरा वाकूनच जा. दर्शनाची रीत सोपी, हात धुवायचे, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. र्‍योगोकू स्टेशनवरून चालत जाता येतं, सुमो बघायला जाणारच असाल तर आधी इथं जा.