मशीन शून्य दाखवतं, तरी स्टिअरिंग थरथरतं

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचा हात रोज पान्याला लागतो, त्यामुळे हब, नकल, लोअर आर्म हे चाक धरून ठेवणारे भाग म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. आज एकाच गाडीबद्दल बोलतो.

इचलकरंजीहून एक मुलगा स्विफ्ट घेऊन आला. मूळ टायर १८५/६५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ६५ टक्के), १५ इंची. त्याने १७ इंची मॅग व्हील (ॲल्युमिनियमची रिम) आणि २०५/४५ टायर चढवले आणि त्याच आठवड्यात स्प्रिंगा बदलून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. तेव्हापासून ८५ ते १०० च्या वेगात स्टिअरिंग इतकं थरथरायचं की मनगटाला मुंग्या याव्यात. तीन ठिकाणी चाकांचं बॅलन्सिंग (वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं) झालं होतं आणि तिन्ही मशीनांनी शून्य, म्हणजे चूक नाही, दाखवलं होतं. वर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) झालं, दोन्ही टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे चाकाकडचे सांधे) नवे पडले, तरी थरथर जागच्या जागी. "काका, रॅक गेला असेल का?" असं त्याने विचारलं तेव्हा आवाजात काळजी होती, कारण स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या त्या रॅकची किंमत त्याने काढून ठेवली होती.

गाडीत दोन बदल एकदम झाले असतील, तर कुठलाही पार्ट खोलण्याआधी ते दोन बदल वेगळे करून बघा, हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. त्याची जुनी चाकं घरी होती, ती मागवली. अर्ध्या तासात चारही चढवली आणि आम्ही महामार्गाने कागलच्या दिशेला निघालो. ९० ला स्टिअरिंग शांत. रॅक वाचला, तिथेच कळलं. पण परत येताना तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ६० च्या मध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक डावी-उजवीकडे हलायचं. पाय उचलला की बंद. हे दुसरं दुखणं होतं. त्या मुलाला ते वेगळं आहे हे कळलंच नव्हतं, कारण पहिल्याच्या गोंधळात ते झाकलं गेलं होतं. पहिलं दुखणं चाकांचं, दुसरं गाडी खाली घेतल्याचं. आता एकेकाकडे बघता येणार होतं.

आधी चाकं. त्या टायरचा परीघ साधारण १.९४ मीटर. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १३ फेरे मारतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमची चूक असेल, तर या वेगाला सुमारे ३ किलो वजनाइतका ओढा तयार होतो आणि तो सेकंदाला १३ वेळा पुढे-मागे होतो. वेग निम्मा केला तर ओढा पाव होतो, म्हणून गावात काही जाणवत नाही. आणि शंभरच्या पुढे थरथर कमी का होते? चाक, आर्म आणि सांध्यातली रबराची गादी म्हणजे बुश यांची मिळून स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण १० ते १५ हेलकाव्यांची. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की झोपाळ्याला वेळेवर धक्का बसावा तसं होतं. वेग वाढून फेरे त्या लयीच्या पुढे गेले की हात शांत. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा तो वेगाचा: कितीला सुरू होतं, कितीला थांबतं? दुसरा, ब्रेक दाबल्यावर होतं का? फक्त ब्रेकला होत असेल तर डिस्क बघा, चाकांच्या मागे लागू नका. या गाडीला ब्रेकचा काही संबंध नव्हता.

मग मशीन शून्य का दाखवतं? मला ही गोष्ट उमगायला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा थांबून सांगतो. मशीनवर चाक बसतं ते मधल्या भोकात शंकू घालून, त्यामुळे भोकाचा मध्य हाच मशीनसाठी चाकाचा मध्य. स्विफ्टच्या हबची (ज्यावर चाक आवळतात तो भाग) मधली बैठक ५४.१ मिलिमीटरची. या मॅग व्हीलचं भोक ७३.१ चं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकता यावं म्हणून ते मोठं ठेवतात. भोवती साडेनऊ मिलिमीटरची पोकळी. मशीनवरचं मध्यावर बसलेलं चाक गाडीवर चार नटांच्या भरवशावर बसलं होतं. त्यात गाडी जॅकवरून उतरवून, वजन चाकावर आल्यावर न्यूमॅटिक गनने नट आवळले, की चाक किंचित सरकूनच अडकतं. टायरसकट चाक २० किलोचं धरा. ते अर्धा मिलिमीटर सरकलं तर रिमच्या कडेला ४५ ग्रॅमची चूक झाल्यासारखं होतं. मशीनने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने चाक मोजलं होतं, गाडीवर बसलेलं चाक नव्हे.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात याला उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. लेथवर ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून घेतल्या, बाहेरून ७३.१, आतून ५४.१. रिंग वजन पेलत नाही हे ध्यानात ठेवा. वजन पेलतं ते आवळलेल्या नटांमुळे हब आणि रिम यांच्यात होणारं घर्षण. रिंगेचं काम फक्त मध्य साधायचं. हबचा गंज ब्रशने काढला, चाक हवेत असतानाच नट समोरासमोर थोडे थोडे आवळले आणि शेवटचा टॉर्क (आवळण्याचा नेमका जोर) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे पान्याने दिला. नटांची बैठकही तपासली. सुझुकीला तिरपी, शंकूची बैठक लागते, होंडाच्या मूळ रिमला गोल. एकाचे नट दुसऱ्याला घालू नका. आणखी एक धोका म्हणजे जुन्या फियाट पालिओचा पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ९८, स्विफ्टचा १००. ते रिम ओढूनताणून चढतंही, पण ते चाक कधीच धड बसत नाही. असं चाक घेऊन कुणाला रस्त्यावर सोडू नका.

रिंगांनी बहुतेक थरथर गेली. थोडी उरली होती. बारीक वाकही मोजणारं डायल गेज लावल्यावर पुढच्या डाव्या रिमची आतली कड वाकलेली सापडली. मूळ टायरची भिंत १२० मिलिमीटरची होती, नव्याची ९२ ची. खड्ड्याचा मार आता रिमपर्यंत पोचतो. ते रिम मागच्या चाकाला न टाकता बदलायला लावलं, कारण वाकलेलं रिम मागच्या चाकाला असलं तर थरथर सीटमध्ये जाते, संपत मात्र नाही. शिवाय नव्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर) कमी असल्यामुळे चाक बाहेर आलं होतं. स्टिअरिंगच्या अक्षापासून चाक जितकं दूर, तितका दांडा लांब, आणि तीच चूक हाताला जास्त जाणवते.

आता दुसरं दुखणं. गाडी खाली आली की इंजिनाचा जोर चाकांना पोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट तिरका होतो. आतल्या जॉइंटमधले तीन रोलर त्या तिरक्या कोनात जोर पडला की अडकत अडकत सरकतात, म्हणून फक्त ॲक्सिलरेटरवर हेलकावे. त्यात लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळलेले. बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं गेलं आणि गाडी खाली टेकताच कायमचं पिळलं गेलं. असं बुश काही महिन्यांत फाटतं. आम्ही कमी खाली येणाऱ्या स्प्रिंगा घालून गाडी २० मिलिमीटर वर घेतली, आर्मचे बोल्ट ढिले करून वजन चाकावर असताना पुन्हा आवळले आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट केलं. अलाइनमेंटने थरथर जात नाही, पण टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर कल) चुकलेला राहिला तर टायर आतून झिजतं, त्यावर खवले पडतात, आणि तीन-चार महिन्यांनी नवी थरथर सुरू होते.

स्प्रिंग गॅस कटरने कापून गाडी खाली घेणाऱ्यांना मात्र मी परत पाठवतो. तापवलेल्या स्प्रिंगचं पोलाद मऊ पडतं आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आहेच, गिऱ्हाइकाला ते आधी सांगा.

त्या मुलाला शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायला बोलावलं होतं. आला तेव्हा एका चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले. नवं रिम बसायला तेवढं अंतर लागतंच.