समुद्र बरा, किनारा वाईट

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. छापताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. बोलायला लागायच्या आधी हा तुकडा पुढच्या रांगेत देते. हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या, फक्त परत यायला हवा. जड आहे, पायावर पाडून घेऊ नका. समुद्राखालच्या केबलचा तुकडा आहे हा, किनाऱ्याजवळ टाकतात त्यातला. बाहेरून डांबरी दोऱ्याचं वेष्टण, त्याच्या आत पोलादी तारांचे दोन थर, मग प्लॅस्टिकचं आवरण, त्याच्या आत तांब्याची नळी. अगदी मध्यभागी, चष्मा लावून बघितलंत तर दिसतील, काचेचे तंतू. एकेक पाव मिलिमीटरचा. काम काय ते तेवढे तंतूच करतात. बाकी सगळं त्यांचं चिलखत.

आता हात वर करा. अमेरिकेतून येणारा व्हिडिओ कॉल सॅटेलाइटवरून येतो असं किती जणांना वाटतं? बघा, अर्धं सभागृह. आपल्या पिढीला आर्वीनं तसं शिकवलं. नारायणगावजवळ 1971 साली ते उपग्रह केंद्र सुरू झालं आणि तिथली प्रचंड तबकडी आपल्या डोक्यात कायमची बसली. तेव्हाचे आयएसडी कॉल आठवतात? आपण 'हॅलो' म्हणायचं, उत्तर येईना म्हणून पुन्हा 'हॅलो', तेवढ्यात पलीकडचा पहिला 'हॅलो' यायचा. तो उपग्रह 36,000 किलोमीटर वर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागायचा. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 10,000 किलोमीटरचा पल्ला सेकंदाच्या विसाव्या भागात. म्हणून तर हल्ली न्यूजर्सीची सून आपलं वाक्य मध्येच तोडते आणि तोडलेलं लगेच कळतं. (हशा)

पत्रिकेत विषय 'सागरतळाचं इंटरनेट : आव्हानं आणि उपाय' असा छापलाय. ते नाव मंडळानं दिलं. मी नोकरीभर या केबलींशी संसार केला आणि मला सांगायचंय ते एवढंच, की भर समुद्रात केबलला फारसं काही होत नाही. जे काय होतं ते माणसांच्या जवळ आल्यावर होतं.

याचा दाखला घरचाच देते. आमच्याकडे गेल्या वर्षी इंटरनेट गेलं. कंपनीचं नाव घेत नाही, इथं त्यांचं कोणी बसलेलं असायचं. फोन केला. पाच मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली, गोड आवाज. म्हणाली, "मॅम, समुद्रात केबल कट झाली आहे." आता हे मला सांगायचं! मी विचारलं, "कोणती?" म्हणाली, "मॅम, समुद्रातली." म्हटलं, "अगं, पण कुठल्या समुद्रातली? भूमध्य की तांबडा?" शांतता. मग, "मॅम, मी सिनियरशी बोलून सांगते." पुन्हा गाणं. सिनियर आले, त्यांनी सांगितलं, अरबी. मी विचारलं, किनाऱ्यापासून किती लांब, किती खोलीवर, दुरुस्तीचं जहाज निघालं का? ते म्हणाले, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.

तोवर शेजारच्या कुलकर्णींचं इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. त्यांची कंपनी वेगळी, मान्य. पण समुद्र एकच ना? शेवटी एक मुलगा आला, पाठीला सॅक, हातात पकड. तो थेट गच्चीवर गेला. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चाललं होतं. ताडपत्री बांधायला दोरी कमी पडली म्हणून कामगारानं आमची वायर उपटून तिनं ताडपत्री बांधली होती. गाठ उत्तम मारली होती, सुटता सुटेना. (हशा) सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणतात, वहिनी, गळती थांबली ना? यावर काय बोलणार!

तुकडा कुठं पोचला? चौथ्या रांगेत? चालू द्या.

गंमत बाजूला ठेवू, पण मुद्दा तोच आहे. हजारो किलोमीटर धड येतं आणि शेवटच्या वीस फुटांत माती होते. तुमच्या हातात आहे ती जाड केबल उथळ पाण्यातली. चार-चार किलोमीटर खोल पाण्यात जी टाकतात ती जेमतेम वीस मिलिमीटरची. तिला पोलादी तारांचं हे बाहेरचं चिलखतसुद्धा नसतं. तळावर नुसती टाकून देतात. तिथं अंधार, थंडी आणि निवांतपणा. दर साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाश वाढवणारं एक यंत्र असतं, त्याला लागणारी वीज याच तांब्याच्या नळीतून काही हजार व्होल्टनं जाते. ती यंत्रं पंचवीस वर्षं चालतील अशी बनवतात, कारण खाली जाऊन बघणार कोण? जगभरात वर्षाला दीडशे-दोनशे ठिकाणी केबली बिघडतात. त्यातल्या बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी, उथळ पाण्यात. शार्कचं विचारू नका. प्रत्येक व्याख्यानात कोणीतरी विचारतंच. शार्कचा वाटा नगण्य आहे.

मुंबईच्या वाट्याला तर उथळ पाणी जरा जास्तच आलंय. आपल्यासमोरचा समुद्र लांबवर खोल होतच नाही. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर, तरी तिथं पाणी 75 मीटरच्या आसपास. म्हणजे केबलचा धोक्याचा पट्टा आपल्याकडे शेकडो किलोमीटरचा.

मुंबईला केबल काही नवी नाही. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' नावाचं अजस्र जहाज इथून एडनपर्यंत तार टाकत गेलं. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. तेव्हा प्लॅस्टिक कुठलं? तारेवर गटापर्चाचं वेष्टण. मलायातल्या झाडाचा चीक तो. त्याच जूनमध्ये मुंबई-लंडन तार सुरू झाली आणि पत्राला आठवडे लागायचे तिथं निरोप तासांत जायला लागला. मला त्या जहाजावर तासभर बोलता येईल, पण अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

नांगराचं मात्र सांगते. 2008 च्या जानेवारीत, 30 तारखेला, अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि पश्चिमेकडे जाणारी आपली निम्म्याच्या आसपास क्षमता गेली. दोन दिवसांत दुबईजवळ तिसरी. लगेच चर्चा सुरू, कुणाचा कट, कुठल्या देशाची पाणबुडी, वगैरे. दुबईजवळच्या तुटलेल्या जागी काय सापडलं? कोणीतरी टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर. 2024 मध्ये 'रुबीमार' या मालवाहू जहाजावर येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी क्षेपणास्त्र डागलं. खलाशी उतरून गेले, जहाज नांगर ओढत वाहत राहिलं, आणि त्या काळात तांबड्या समुद्रातल्या तीन केबली गेल्या. त्या तिन्हींचं एक टोक मुंबईत आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये जेद्दाजवळ पुन्हा दोन. त्याही मुंबईला येणाऱ्याच.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' अहो, उपाय अजून सुरूच झाले नाहीत! बरं, भराभर सांगते.

पहिलं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्यांच्या 2023 च्या आकड्यांप्रमाणे देशात 17 आंतरराष्ट्रीय केबली 14 केंद्रांवर उतरतात, आणि शहरं किती? पाच. मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन, तिरुवनंतपुरम. मुंबईत उतरणाऱ्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या पट्टीत. महाराष्ट्राला 720 किलोमीटर किनारा आहे म्हणून आपण भाषणं ठोकतो, आणि केबल आली की वर्सोवा. का? आधीची तिथं उतरली म्हणून. स्टेशन तिथं, परवानग्यांची वाट मळलेली, डेटा सेंटर नवी मुंबईत. पण एखाद्या वादळात किंवा एका भरकटलेल्या जहाजानं तेवढी पट्टी विस्कटली तर? अलिबागला, रत्नागिरीला उतरवा, तिथून जमिनीवरून दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आणा. खर्च येईल. काही हजार किलोमीटरची केबल टाकणाऱ्याला तो जड नाही.

दुसरं, आणि हे माझ्या जिव्हाळ्याचं. वेसाव्याचे, म्हणजे वर्सोव्याचेच, कोळी. पावसाळा संपला की एखाद्या सकाळी जहाज लांब उभं राहतं, केबलचं टोक तरंगत्या फुग्यांना बांधून किनाऱ्यावर ओढतात, वाळूतल्या काँक्रीटच्या खोल चौकटीत नेऊन जमिनीवरच्या केबलला जोडतात. वाळू पसरली की मागमूस नाही. ज्यांचे डोल जाळ्याचे खुंट त्याच पाण्यात, ज्यांच्या बोटी रोज तिथून जातात, त्यांच्या हातात मराठीतला साधा नकाशा असतो का? जाळं तळाशी अडकलं तर नाखवानं काय करायचं? जोर लावून ओढलं तर केबल जाते, सोडून दिलं तर जाळं जातं, आणि जाळ्याला पैसे पडतात. 1884 च्या पॅरिस करारात लिहिलंय, केबल वाचवायला ज्यानं जाळं किंवा नांगर सोडून दिला, त्याला केबलच्या मालकानं भरपाई द्यावी. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारातही ते आहे, कलम 115. अट एवढीच की त्यानं आधी शक्य ती काळजी घेतलेली हवी. आता नकाशाच दिला नाही तर त्यानं काळजी घ्यायची कशाची? माझं म्हणणं, नकाशा, फोन नंबर आणि भरपाईचा साधा अर्ज प्रत्येक मच्छीमार सोसायटीत भिंतीवर लावा. केबलला याहून स्वस्त राखणदार मिळणार नाही.

तिसरं, जहाज. दुरुस्तीचं जहाज गळ टाकून केबल वर उचलतं, तुटलेला भाग कापतं, नवा जोडतं. जोडणीचं काम एकदा सुरू झालं की रात्रंदिवस चालतं, पावसाळ्यात तर समुद्रच करू देत नाही. हे जहाज आपल्याकडे बाहेरून येतं, आणि आल्यावर कस्टम, गृह, संरक्षण, नौवहन अशा परवानग्या. भारतीय ध्वजाची दुरुस्ती-जहाजं हवीत हे ट्रायनंही म्हटलंय. तोवर निदान परवानग्या तरी एकाच खिडकीतून द्या, आणि बिघाड व्हायच्या आधी द्या.

आकडे, आकृत्या सगळं राहिलं, विचारलंत तर सांगेन. बाहेर चहाच्या टेबलापाशी कोळी सोसायट्यांच्या नकाशाबद्दलचं निवेदन ठेवलंय. सह्या करा, पण वाचून करा. शेवटच्या रांगेतल्या गृहस्थांनी तेवढा तुकडा पुढे पाठवावा.