सात जाणकार, सात चिठ्ठ्या

जानेवारीची अखेर. रत्नागिरीजवळची हापूसची बाग, ऐंशी कलमं. मोहोर आलाय, काहींवर कणी, म्हणजे इवलं फळही, धरलीय. बाग करारावर द्यायची, म्हणजे पिकाचा अंदाज आत्ताच हवा.

जाणत्यांना खळ्यात एकत्र बसवून विचारलं, तर सगळ्यात वयस्कर माणूस आधी बोलतो आणि बाकीचे त्याच्याच आकड्याभोवती घुटमळतात. ज्याला काही वेगळं दिसलंय, तो गप्प.

यावर अमेरिकेतल्या रँड संस्थेत ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी १९५०च्या दशकात डेल्फी पद्धत बसवली. जाणकारांना वेगवेगळं विचारायचं, नावं झाकायची, फेऱ्या घ्यायच्या.

आधी प्रश्न नेमका करा: मेअखेरपर्यंत या ऐंशी कलमांतून पाच डझनी पेट्या किती? पेटी किती डझनाची हे ठरलं नाही, तर सगळे आकडे फुकट. माणसंही एका साच्यातली नकोत. बागायतदार, फवारणीवाला, राखणदार, वाशीचा दलाल, कृषी विद्यापीठातला तज्ज्ञ, असे सात पुरेत. प्रत्येकाने बाग एकट्याने फिरायची. चिठ्ठीवर आकडा आणि कारण, नाव नाही. गावात अक्षरावरूनही माणूस ओळखतात, म्हणून चिठ्ठ्या गोळा करणाऱ्याने त्या स्वतःच्या अक्षरात पुन्हा उतरवाव्यात. शब्द मात्र बदलायचे नाहीत.

समजा, आकडे आले १४०, १६०, १८०, २००, २१०, २२०, ५००. सरासरी २३०, कारण एकट्या पाचशेने ती वर ओढली. मधला आकडा २००, तोच धरायचा.

दुसऱ्या फेरीत मधला आकडा, पसारा (सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा आकडा) आणि सगळी कारणं प्रत्येकाला कळवायची. पाचशेवाल्याने भरगच्च मोहोर पाहिलाय. १४०वाला लिहितो, ‘थंडी लांबली, पुनर्मोहर येतोय.’ म्हणजे धरलेल्या कणीचं अन्न नवा मोहोर खाणार आणि कणी गळणार. बाकीच्यांनी हे पाहिलंच नव्हतं. आता ते पुन्हा बागेत जातात, कणीच्या शेजारचा ताजा मोहोर तपासतात. कुणी आकडा खाली आणतो, कुणी ठाम राहतो. दोन्ही चालतं.

तीन फेऱ्या बस्स. पुढे माणसं कंटाळून मधल्या आकड्याला मान डोलावतात. ते एकमत नव्हे. तिसऱ्या फेरीनंतरही चिठ्ठ्या दोन गटांत राहिल्या, तर मधला आकडा काढू नका. दोन्ही आकडे कारणांसकट करारदारासमोर ठेवा.