समोरच्यानं हात लावला नव्हता

नमस्कार श्रोतेहो. आज मेंदूतल्या सिस्टबद्दल बोलायचंय. सिस्ट म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी. कॅन्सर नव्हे, बरं का.

एका तालमीतला विशीतला पैलवान. डोकं दुखायचं, जोर मारायला वाकला की जास्तच, आणि घटकेत उतारही पडायचा. सकाळी ओकारी. कुणी म्हणालं पित्त, कुणी उष्णता. थंडाई झाली, चष्मा झाला. कोल्हापुरात डोकं दुखलं की खापर तांबड्या रश्श्यावर फुटतं, बिचारा रस्सा!

एक दिवस पोरगा आखाड्यात उभ्या उभ्या खाली बसला. घरच्यांनी सांगितलं, चक्कर आली. मागं वस्ताद उभे होते. म्हणाले, “डॉक्टर, चक्कर न्हाई ती. डोळं उघडं हुतं, माझ्याशी बोलत हुता. पायच गेलं. समोरच्यानं हात बी लावला नव्हता.”

जन्मभर पोरांचे पाय बघितलेला माणूस! (गादीवरच्या कुस्तीत असे वस्ताद तयार होतील का, मला शंकाच आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी मातीतल्या कुस्तीसाठी बांधलं. असो.)

डोळे तपासले, तर आतल्या नसेला सूज. त्याच रात्री स्कॅन. मेंदूच्या ऐन मध्यावर पांढरा गोल ठिपका, कोलॉइड सिस्ट. मोरीच्या तोंडाशी गोटी अडकावी तशी ती मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. पाणी तुंबतं, दाब वाढतो. अशा वेळी पाठीतून पाणी काढणं जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी स्कॅन. कवटीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीनं सिस्ट काढली. वस्तादांचा पहिला प्रश्न, “खडाखडी कवा?” म्हणजे, पुन्हा कुस्ती कधी? म्हटलं, ते मेंदूचे सर्जन पुढचा स्कॅन बघून सांगतील.

पुन्हा सांगतो : वाकल्यावर वाढणारी डोकेदुखी, सकाळची ओकारी, शुद्धीत असताना गेलेले पाय.

प्रत्येक सिस्ट कापायची नसते. कोलॉइड सिस्ट सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, त्रास नसेल, पाणी तुंबलं नसेल, तर बहुधा ठरावीक काळानं एमआरआय करून लक्ष ठेवतात. अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूवरच्या पातळ आवरणातली पाण्याची पिशवी, बहुतेक जन्मजात, दुसऱ्याच कारणानं केलेल्या स्कॅनमध्ये दिसते, आणि बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. फक्त कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. डोक्याला मार बसला तर तिच्याभोवती रक्त साठू शकतं.

पण डोकेदुखीबरोबर झापड येऊ लागली, तर सकाळची वाट बघू नका. थेट मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. आणि पेशंटला पडताना ज्यानं बघितलं, त्याला गाडीत बसवून बरोबर आणा.